अपुऱ्या दिवसांचे बाळ, उशिराचा जंतुदोष आणि गडचिरोलीचा पुरावा

(मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेत जुने शहर, अकोला येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण वाचणारा एक असला तरी हे शब्द मंडळाच्या आरोग्य समितीच्या चौघांचे आहेत, म्हणून आम्ही 'आम्ही' असेच बोलणार आहोत. विषय थोडा दवाखान्यातला आहे. नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला जन्मानंतर काही दिवसांनी रक्तात जंतुदोष होतो. त्याला डॉक्टर मंडळी 'सेप्सिस' म्हणतात. त्यावर कोणते उपचार लागू पडतात, आणि ते लागू पडतात हे कळले कसे, एवढेच आज सांगायचे आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे बोलता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आमच्याच वस्तीतील एका घरी सव्वासात महिन्यांचे बाळ होते. जन्माचे वजन सोळाशे ग्रॅम. दवाखान्यातून घरी आणले होते, सर्व ठीक चालले होते. सोळाव्या दिवशी संध्याकाळी बाळाची आजी आमच्यातील एकाकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, पोरगं सकाळपासून दूध नाही पिऊन राह्यलं, पाय बी थंड लागते." ताप नव्हता. आम्ही त्या घरी गेलो, बाळाला पाहिले, आणि सांगितले की थंडी आहे, नीट गुंडाळा, सकाळी नेऊ. सकाळी नेले. दुसऱ्या दिवशी बाळ गेले. त्या आजीने आम्हाला कधी बोल लावला नाही. ती म्हणाली, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. आम्ही सटवाईला मानत नाही, पण त्या वेळी गप्प बसलो, कारण तिच्या सटवाईआड लपणे आमच्या सोयीचे होते. दूध न ओढणे आणि पाय थंड पडणे ही दोन लक्षणे त्या वयात काय सांगतात, हे आम्ही नंतर वाचले.

आता विषयाकडे वळू. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात अशी १ कोटी ३४ लाख मुले जन्मली, त्यांतील ३० लाखांवर एकट्या भारतात. जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत जंतुदोष झाला तर तो बहुधा आईकडून, प्रसूतीच्या वाटेतून आलेला असतो. त्यानंतर झाला तर तो उशिराचा. त्याचे जंतू बाहेरून येतात: हात, सलाईनची सुई, नाकातील नळी, दुधाची बाटली, नाळेवर लावलेली राख. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ असते. आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जातात, तेवढी शिदोरी न घेताच हे बाळ बाहेर येते. म्हणून मोठ्या माणसाला फोड येण्यावर भागणारा जंतू याला एका रात्रीत नेतो. शिवाय ताप यायलाही शरीरात जोर लागतो, तो याच्याजवळ नसतो. ते तापण्याऐवजी गार पडते.

येथे एक समजूत खोडून काढली पाहिजे. आपल्याकडे सर्रास म्हणतात की सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही. हे खरे नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाला बळच देतो. या म्हणण्यामुळे आठव्या महिन्यातल्या बाळाकडे घरचे आधीच हात टेकून पाहतात, एवढेच तिचे काम.

आता गडचिरोली. आपल्याच विदर्भातला जिल्हा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था तेथे सुरू केली. १९९३ पासून त्यांनी गावागावांत जन्म आणि मृत्यू मोजले. ३९ गावे एका बाजूस, ज्यांत पुढे काम करायचे. ४७ गावे दुसऱ्या बाजूस, ज्यांत सरकारी सेवा नेहमीप्रमाणे चालायच्या. पहिल्या ३९ गावांतील स्त्रियांना, ज्यांचे शिक्षण पाचवी ते दहावी, त्यांनी शिकवले. बाळाचे वजन करणे, काखेतील तापमान घेणे, मिनिटभर श्वास मोजणे, बाळ रडते कसे, ओढते कसे ते लिहून ठेवणे. यांना तिकडे 'आरोग्यदूत' म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनी येथे जरा थांबावे. १९९५-९६ हे पहिले वर्ष त्यांनी मुख्यतः पाहण्यात आणि लिहिण्यात घालवले. ७६३ बाळे पाहिली, त्यांतील ४० गेली. सुमारे निम्म्या मृत्यूंचे मुख्य कारण जंतुदोष निघाले. त्याहून जड आकडा पुढचा आहे. शंभरातील ५४ बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि ती मिळाली शंभरातील तिघांनासुद्धा नाही (२.६ टक्के). दवाखान्यात न्या म्हटले तरी लोक नेत नव्हते. लांब रस्ता, पैसा नाही, बाळंतिणीने बाहेर पडायचे नाही, आणि एवढ्याशा जिवासाठी कोण जाते हा भाव.

ते वर्ष लिहून काढताना त्या माणसांना काय वाटले असेल, याची आम्हाला आता थोडी कल्पना येते. पण त्या वहीशिवाय पुढचे काहीच सिद्ध झाले नसते.

१९९६ पासून आरोग्यदूतांनी उपचार सुरू केला. लक्षणे ठरलेली होती: आधी जोरात रडणारे बाळ हळू रडू लागले किंवा रडायचे थांबले, दूध ओढणे कमी झाले, अंग ढिले पडले, गार पडले, छाती आत ओढू लागली, पोट फुगले किंवा उलट्या, नाळेत पू. अशी लक्षणे एकत्र दिसली तर जंतुदोष समजायचा. आधी दवाखान्यात जा म्हणून सांगायचे. घरचे नाही म्हणाले तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसीनचे इंजेक्शन आणि कोट्रायमोक्साझोलचे पातळ औषध द्यायचे. दहावीसुद्धा नसलेल्या बाईने दोन किलोच्या बाळाला इंजेक्शन द्यायचे! यावर तज्ज्ञांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि ते अगदीच चूक होते असे आम्ही म्हणणार नाही. जेंटामायसीनचे प्रमाण चुकले तर कानांना व मूत्रपिंडांना इजा होते. म्हणूनच मोजमाप हवे होते.

मोजमाप असे निघाले. उपचाराआधी जंतुदोषाची १६३ बाळे नोंदली गेली होती, त्यांतील शेकडा १६.६ गेली, म्हणजे दर सहांत एक. उपचार सुरू झाल्यावर ७१ बाळांत हे प्रमाण शेकडा २.८ झाले, म्हणजे दोन बाळे. त्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातील मृत्यू ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. शेजारच्या ४७ गावांत जवळजवळ होते तेथेच राहिले. हे सर्व डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे अधिक वर्षांचा हिशेब आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी आधी शेकडा ३३ जात होती, ती शेकडा १० वर आली. पेटीत ठेवलेली नव्हेत, घरच्या खाटेवरची बाळे.

दोष सांगायचा तर ही गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि वजन, ऊब, दूध, इंजेक्शन हे सर्व एकत्र दिल्यामुळे कशाचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण. कालामांना तथागतांनी सांगितले होते की केवळ परंपरा आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. संशोधनाला हाच नियम लावला पाहिजे, आपल्या आवडत्या संशोधनालाही.

हा नियम किती कामाचा आहे याचे एक उदाहरण परदेशातले सांगतो. सेप्सिसच्या बाळाला प्रतिजैविकांबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली रोगप्रतिकारक द्रव्ये, दिली तर ते वाचेल, हे ऐकायला किती पटते! आईकडून जे मिळाले नाही ते बाटलीतून द्यायचे. लहान चाचण्यांत फायदाही दिसला होता. औषध महागडे. मग ९ देशांतील ११३ रुग्णालयांनी मिळून ३४९३ बाळांची चाचणी केली. चिठ्ठीप्रमाणे काहींना खरे औषध, काहींना तसेच दिसणारे पाणी. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. २०११ साली निकाल लागला. दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व औषधाच्या गटात शेकडा ३९.०, पाण्याच्या गटातही शेकडा ३९.०. दशांश चिन्हापर्यंत सारखे. 'नाही' असे उत्तर मिळवायला ३४९३ आयांनी संमती दिली, हे आम्हाला फार मोठे वाटते. त्या उत्तरामुळे एखादा मजूर बाप त्या बाटलीसाठी बायकोचे दागिने मोडणार नाही.

उलट एक 'होय' सांगतो, आणि ते फुकटातले आहे. कोलंबिया देशात बोगोटा शहरी १९७८ च्या सुमारास पेट्या कमी पडू लागल्या, म्हणून डॉक्टर एदगार रे यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधली. कांगारू जसे पिशवीत पिलू ठेवते तसे. पुढे भारतासह पाच देशांत चाचणी झाली, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली ३२११ बाळे. काहींना जन्मतःच आईच्या छातीशी दिले, काहींना नेहमीप्रमाणे आधी पेटीत ठेवून स्थिर झाल्यावर दिले. २८ दिवसांत दुसऱ्या गटातील शेकडा १५.७ गेली, पहिल्यातील १२.०. जंतुदोषाचा संशयही छातीशी ठेवलेल्यांत कमी. फरक एवढा स्पष्ट झाला की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्या बाळंतिणीला खोलीत शेगडीच्या धुरात ठेवतात आणि बाळ वेगळ्या पाळण्यात, त्यापेक्षा हे बरे.

आता आम्हाला अडचणीचे वाटते ते बोलतो. गडचिरोलीचा पुरावा जशाचा तसा जुन्या शहरात लावता येत नाही. तेथल्या खेड्यांतील जंतूंनी त्या वेळी फारशी प्रतिजैविके पाहिलेली नव्हती, म्हणून साधे जेंटामायसीन चालले. शहरातली गोष्ट निराळी. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० बाळांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त सापडलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर, आणि त्याच्या शंभरातील ८२ नमुन्यांवर अनेक जातींची औषधे चालेनात. त्यातही चमत्कारिक म्हणजे जंतुदोषाच्या जवळजवळ दोनतृतीयांश घटना पहिल्या ७२ तासांतच झालेल्या. म्हणजे 'लवकरचा आईकडून, उशिराचा बाहेरून' ही आम्ही मघाशी सांगितलेली वाटणी आपल्या गर्दीच्या रुग्णालयांत पुसट होते. बाहेरचे जंतू तेथे पहिल्याच दिवशी गाठतात. आज जगात नवे औषध येण्याची वाट न पाहता फॉस्फोमायसीन, अमिकासीन, फ्लोमॉक्सेफ अशी जुनी औषधे जोडीने देऊन पाहण्याची मोठी चाचणी २०२४ पासून दक्षिण आफ्रिकेतून सुरू झाली आहे. तिचे उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर सर्दी झाली की मेडिकल स्टोअरमधून चार गोळ्या आणायच्या आणि दोन खाऊन सोडायच्या, ही आपली सवय या बाळांच्या मुळावर येते, हे या सभागृहातील किती जणांना पटेल आम्हाला ठाऊक नाही.

मग गडचिरोलीचे काय घ्यायचे? इंजेक्शन घ्यायचे नाही. शासनानेही २०११ मध्ये नवजात बाळाच्या घरी भेटी देण्याची योजना आशाताईंमार्फत देशभर सुरू केली, पण इंजेक्शन त्यांच्या हाती दिले नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते विशिष्ट परिस्थितीत एएनएम भगिनींना देऊ केले. आपल्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटात डॉ. आशिष सातव यांची 'महान' संस्था गावातल्या स्त्रियांना शिकवून घरोघरी बाळे सांभाळते, तेथे रस्त्याचे अंतर हा मोठा प्रश्न आहे. आपला प्रश्न तो नाही. मोर्णेचा पूल ओलांडला की जिल्हा स्त्री रुग्णालय, ज्याला आपण अजून लेडी हार्डिंग म्हणतो. २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०२ वर फोन केला तर गाडी येते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात औषध, तपासणी, रक्त, ने-आण सर्व मोफत आहे. एवढे असून त्या डिसेंबरच्या रात्री बाळ घरातच राहिले. गडचिरोलीच्या बाईला जी गोष्ट कळत होती, की न ओढणारे गार बाळ हे थंडी वाजलेले बाळ नसते, ती आम्हा पदवीधरांना कळली नाही. घ्यायचे ते हे ओळखणे.

किसा गोतमीची कथा आपल्या प्रत्येक विहारात सांगितली जाते. मृत मूल घेऊन ती घरोघर मोहरी मागत फिरली, आणि ज्या घरी मृत्यू झाला नाही असे घर तिला मिळाले नाही. मृत्यू अटळ आहे हे खरेच. पण अलीकडे आमच्या मनात येते की सांत्वनाच्या वेळी ही कथा आपण फार लवकर सांगतो. गडचिरोलीचे आरोग्यदूतही घरोघर गेले, तेही मृत्यूच मोजत होते. आणि त्यांच्या मोजणीतून निघाले की यांतले बरेच मृत्यू अटळ नव्हते. आजारी सोबत्याकडे भिक्खूंनी लक्ष दिले नाही, तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याच्याबरोबर त्या आजाऱ्याला स्वतः धुतले, हीही आपलीच कथा आहे. बाबासाहेब आणि रमाई यांनी आपली चार अपत्ये लहानपणीच गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावे, एवढेच आम्ही म्हणतो.

समितीने ठरवलेली कामे अशी. वस्तीत अपुऱ्या दिवसांचे किंवा दोन किलोच्या आतले मूल घरी आले की त्या घरी आशाताईंच्या भेटींशिवाय आमच्यातील एक जण रोज जाईल, पहिले सहा आठवडे. बाळाला उचलण्याआधी साबणाने हात, बारशाच्या गर्दीत बाळ हातोहात फिरवणे बंद, नाळेला काही लावायचे नाही, बाटली नाही; ओढता येत नसेल तर आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने. बारशाच्या मुद्द्यावर भांडणे होतील. होऊ द्या. आणि रात्रीचे किती वाजले हे पाहायचे नाही. दूध ओढणे थांबले, काखेतले तापमान ३५.५ अंशांच्या खाली गेले किंवा ३७.५ च्या वर, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, छाती आत ओढते, झटके, हलवल्याशिवाय हलत नाही, यांतले एक जरी दिसले तरी त्याच वेळी १०२. वाटेत बाळ आईच्या छातीशी, कपड्याच्या आत. आमचा अंदाज चुकून बाळ ठीक निघाले तर रिकाम्या फेरीबद्दल कोणी कोणाला हसणार नाही, हे मंडळाच्या बैठकीत लिहून घेतले आहे.

दहावी-बारावीच्या मुलामुलींनी आता मागच्या खोलीत यावे. तेथे एक बाहुली, चार थर्मामीटर आणि भिंतीवर सेकंदकाटा असलेले घड्याळ ठेवले आहे. आमच्या परिचारिका भगिनींच्या शेजारणीने आपले दोन महिन्यांचे बाळ आणण्याचे कबूल केले आहे. त्याचा श्वास पूर्ण साठ सेकंद मोजायचा, अर्धे मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही, कारण लहान बाळ मधे मधे थांबून श्वास घेते. प्रत्येकाने दोनदा मोजून आकडा वहीत लिहावा. बाळ झोपलेले आहे, तेव्हा चपला बाहेर काढून, हात धुऊन, पाच-पाच जणांनीच आत यावे.